पाण्यातील अदृश्य जड धातू ओळखणारा विद्युत् संवेदक

विहिरीचे पाणी नितळ असले, त्यास वास नसला आणि ते पिण्यास गोड लागले की आपण ते चांगले समजतो. खारेपणा जिभेला कळतो, गढूळपणा डोळ्यांना दिसतो, कुजलेल्या पाण्याची दुर्गंधी नाकाला जाणवते. परंतु कॅडमियम, शिसे, पारा ह्यांसारखे जड धातू पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळलेले असले, तर त्यांना रंग नसतो, वास नसतो व चवही नसते. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाहीत. उलट काही पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. जंतुनाशक पूड टाकल्याने जंतू मरतात, पण हे धातू पाण्यातच राहतात. अशा अदृश्य शत्रूचा शोध घेणारे एक लहानसे साधन आता शेताच्या बांधापर्यंत नेता येण्याजोगे झाले आहे. त्यास विद्युत् रासायनिक संवेदक असे म्हणतात. हा संवेदक कसा चालतो, त्याच्यावर कितपत विसंबावे आणि ह्या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्याची व शेतकऱ्याची जबाबदारी कोणती, ह्याची माहिती पुढे दिली आहे.

जिंझू नदीकाठची भातशेती

जड धातूंचा प्रश्न हा केवळ कारखान्यांचा व शहरांचा प्रश्न आहे, अशी समजूत असल्यास ती जपानमधील एका उदाहरणाने दूर होईल. तोयामा प्रांतातून जिंझू नावाची नदी वाहते. तिच्या पाण्यावर दोन्ही तीरांवरील गावे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आली. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे ह्यांच्या खाणी होत्या. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियमही थोड्या प्रमाणात असतेच. खाणीतील टाकाऊ गाळाबरोबर ते नदीत उतरले, नदीतून पाटात, पाटातून भातखाचरात आणि खाचरातून दाण्यात गेले.

ह्या गावांतील, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांना, असह्य वेदनांचा एक विकार जडू लागला. त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, हाडे ठिसूळ व मऊ होत आणि साध्या हालचालीनेही मोडत. रोग्यांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगास ‘इताई-इताई’ हे नाव पडले. त्याचा अर्थ ‘दुखते, दुखते’ असा आहे. तेथील एक डॉक्टर नोबोरू हागिनो ह्यांनी ह्या रोगाचा पाठपुरावा केला, आणि १९६१ साली त्यांनी व कृषिशास्त्रज्ञ योशिओका ह्यांनी कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे मांडले. १९६८ साली जपान सरकारने ते मान्य केले. त्यानंतर दूषित खाचरांची माती खाली गाडून तिच्यावर स्वच्छ माती पसरण्याचे काम १९७९ साली हाती घेण्यात आले. आठशे हेक्टरांहून अधिक जमिनीचे हे काम पुरे होण्यास २०१२ साल उजाडले.

ह्या हकिकतीतील बोध असा की, धातू जमिनीत शिरताना कोणास दिसला नाही. तो ओळखता आला तोपर्यंत माणसे अंथरुणास खिळली होती आणि जमीन पूर्ववत करण्यास एक पिढी खर्ची पडली. वेळीच झालेली मोजणी किती मोलाची असते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

अत्यल्प म्हणजे किती?

भारतीय मानक आय.एस. १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा व शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे आकडे मनात ठसत नाहीत, म्हणून ते असे समजून घ्यावेत : हजार लिटरांच्या टाकीत तिळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके कॅडमियम, अथवा बाजरीच्या एका दाण्याच्या वजनाइतके शिसे, ही सामान्यपणे पिण्याच्या पाण्याची मर्यादा होय.

ओलिताच्या पाण्यासाठी निराळा विचार करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने ओलिताच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, तर शिशाची ५ मिलिग्रॅम सुचविलेली आहे. दोहोंत एवढे अंतर का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते व मुळांवाटे फारसे वर चढत नाही. कॅडमियम मात्र जस्ताचा सोबती असल्याने पिके ते सहज उचलतात. त्यातही पालकासारख्या पालेभाज्यांत व तंबाखूच्या पानांत त्याचा साठा विशेष होतो.

एवढ्याशा प्रमाणाने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याचा हिशेब पाहावा. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाणी दिले म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. वर्षाकाठी १,००० मिलिमीटर ओलीत दिल्यास एक कोटी लिटर पाणी शेतात येते. त्यात दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम कॅडमियम असल्यास १०० ग्रॅम कॅडमियम शेतात जमा होते. वरच्या थरातील माती सुमारे वीस लाख किलोग्रॅम धरल्यास दर किलोग्रॅम मातीमागे ही भर ०.०५ मिलिग्रॅम येते. पीक थोडेच घेऊन जाते व बरेचसे जमिनीतच राहते. अशा रीतीने वीस वर्षांत मातीत किलोग्रॅममागे सुमारे एक मिलिग्रॅमची भर पडते. कर्जावरील व्याजाप्रमाणे हा बोजा न दिसता वाढतो. शरीराचेही तसेच आहे. एकदा पोटात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षे, किंबहुना त्याहूनही अधिक काळ साठून राहते. शिशाचा घातक परिणाम मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

ह्या विद्येचा उगम

पाण्यातील धातू विजेच्या साहाय्याने ओळखण्याची विद्या शंभर वर्षांची आहे. १९२२ साली प्राग येथील शास्त्रज्ञ यारोस्लाव हेरॉव्हस्की ह्यांनी बारीक काचनळीतून थेंबथेंब पडणाऱ्या पाऱ्याच्या टोकाशी विजेचा दाब हळूहळू बदलत नेला, तेव्हा द्रावणातील निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या दाबांना आपले अस्तित्व प्रकट करतात असे त्यांना आढळले. पुढे मासुझो शिकाता ह्या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी ही मोजणी आपोआप नोंदणारे यंत्र तयार केले. शिकाता हे कृषिरसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट शेतीच्या क्षेत्रातील वाचकांस आवर्जून सांगण्यासारखी आहे. ह्या शोधाबद्दल हेरॉव्हस्की ह्यांना १९५९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पारा हा स्वतःच विषारी असल्याने विष शोधण्यासाठी विष बाळगण्याची आपत्ती होती. २००० साली जोसेफ वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथ धातूचा पातळ थर वापरता येतो असे दाखवून दिले. बिस्मथ हा त्यामानाने निरुपद्रवी धातू आहे. शिवाय आता कार्बनच्या शाईने छापलेल्या लहान पट्ट्यांवर ही मोजणी करता येते. मधुमेहाच्या रोग्याची रक्तशर्करा पाहण्याचे घरगुती यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच कुळातील हे साधन आहे.

संवेदक कसा चालतो?

ज्या विहिरीचा झरा बारीक असतो तिचा मालक रात्रभर पाझरणारे पाणी विहिरीत साठू देतो व सकाळी पंप सुरू करून ते एकदम दांडात सोडतो. पाझरत्या पाण्याने वाफा भिजला नसता. साठवून सोडल्यामुळे तो भरतो. संवेदकाचे तत्त्व हेच आहे. पाण्यातील तुरळक धातू प्रथम एके ठिकाणी साठवावयाचा व मग तो एकदम सोडून त्याची मोजणी करावयाची.

पट्टीवर तीन विद्युदग्रे, म्हणजे इलेक्ट्रोड, असतात. पहिल्यावर धातू साठतो, दुसऱ्याच्या आधारे विजेचा दाब ठरविला जातो व तिसऱ्याने विजेचे वर्तुळ पुरे होते. तपासावयाच्या पाण्यात ॲसेटिक आम्ल व सोडियम ॲसिटेट ह्यांचे द्रावण मिसळून त्याचा सामू सुमारे ४.५ वर आणतात. नंतर पहिल्या विद्युदग्रास सुमारे उणे १.२ व्होल्ट इतका दाब देऊन पाणी दोन ते पाच मिनिटे ढवळत ठेवतात. पाण्यात विरघळलेल्या धातूंवर धन विद्युत् भार असतो. ते ऋण विद्युदग्राकडे ओढले जातात व भांड्यास कल्हई बसावी तसे त्याच्यावर धातुरूपाने बसतात. ही झाली साठवण.

त्यानंतर ढवळणे थांबवून दाब उणेकडून शून्याकडे क्रमाने सरकविला जातो. बिस्मथच्या थरावर कॅडमियम सुमारे उणे ०.८ व्होल्टच्या आसपास सुटून पुन्हा पाण्यात जाते आणि शिसे सुमारे उणे ०.५५ व्होल्टच्या आसपास. सुटताना प्रत्येक धातू विजेचा क्षणिक प्रवाह निर्माण करतो व यंत्रावर त्याचे शिखर उमटते. शिखर कोठे उमटले ह्यावरून धातू कोणता ते समजते आणि शिखराच्या उंचीवरून तो किती आहे ते समजते. पारा व आर्सेनिक ह्यांच्यासाठी सोन्याचे विद्युदग्र वापरले जाते. एकाच पट्टीवर सर्व धातू तपासता येतात असे समजू नये.

शिखराची उंची वाचण्याची रीत

प्रत्येक गावच्या पाण्यात क्षार वेगळे, म्हणून एके ठिकाणच्या शिखराची उंची दुसऱ्या ठिकाणच्या उंचीशी थेट ताडून पाहता येत नाही. ह्यावर एक सोपा उपाय आहे. ज्या पाण्याची तपासणी करावयाची त्याच पाण्यात ठाऊक असलेल्या प्रमाणात तो धातू मिसळून दुसऱ्यांदा मोजणी करावयाची.

समजा, प्रथम कॅडमियमचे शिखर ६ घरे उंच आले. मग दर लिटरला ०.००५ मिलिग्रॅम वाढेल इतके कॅडमियम त्यात मिसळले व शिखर १६ घरे उंच झाले. म्हणजे ०.००५ मिलिग्रॅममुळे १० घरांची वाढ झाली. त्या हिशेबाने मूळच्या ६ घरांचा अर्थ ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे नेमकी पिण्याच्या पाण्याची मर्यादा, असा होतो. तराजूत वजन घालून तराजू तपासण्यासारखीच ही रीत आहे. ही पायरी गाळून मिळालेला आकडा विश्वसनीय मानू नये.

संवेदकाच्या मर्यादा

कोणत्याही साधनाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पाण्यात तांबे पुष्कळ असल्यास ते इतर धातूंच्या शिखरांत बिघाड करते. साबणाचा अंश, सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ व कुजलेल्या पाल्याचा अर्क ह्यांचे आवरण विद्युदग्रावर बसले की शिखर खुजे उमटते व दूषित पाणीही निर्दोष भासते. ज्या सांडपाण्याची तपासणी अधिक निकडीची, तेथेच ही चूक होण्याचा संभव अधिक. शिवाय संवेदकास मुख्यतः मोकळा असलेला धातू दिसतो. गाळाच्या कणांना चिकटलेला धातू त्यास दिसत नाही. माती व धान्य ह्यांतील एकूण धातू मोजण्यापूर्वी ती आम्लात पचवावी लागतात. ते काम प्रयोगशाळेतच करावे. तीव्र आम्ले घेऊन शेतात प्रयोग करू नयेत.

सारांश, संवेदक हा चाळणीप्रमाणे आहे. शंभर विहिरींपैकी कोणत्या दहांकडे प्रथम लक्ष द्यावे हे तो थोड्या खर्चात व थोड्या वेळात सांगतो. अंतिम निर्णय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील तपासणीनेच व्हावा.

नमुना घेताना घ्यावयाची काळजी

जे साधन हजार लिटरांतील तीळ पाहू शकते, ते नमुना घेणाराच्या हातावरील धूळही पाहते. म्हणून ह्या तपासणीची खरीखोटी यंत्रावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती बाटली भरणारावर अवलंबून आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. प्रयोगशाळेने आम्लाने धुऊन दिलेली प्लॅस्टिकची बाटलीच वापरावी. धातूचे भांडे, जस्ताचा मुलामा दिलेली बादली अथवा औषधाची जुनी बाटली वापरू नये.

२. बाटलीत आम्ल आधीच घातलेले असल्यास ती विसळू नये व ओसंडेपर्यंत भरू नये. हे आम्ल धातूंना बाटलीच्या अंगाला चिकटू देत नाही. ते त्वचेस घातक असल्याने हातमोजे घालावेत व बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

३. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी तपासावयाचे असल्यास पंप काही मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा. घरातील नळामुळे पाण्यात शिसे उतरते काय, हे पाहावयाचे असल्यास मात्र सकाळी पहिल्याप्रथम येणारे पाणीच घ्यावे. प्रश्न कोणता त्यावर नमुना कोणता हे ठरते.

४. मातीचा नमुना खतांच्या शिफारशीसाठी घेतो तसाच शेतात नागमोडी चालत निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यावा. परंतु खुरप्यास लागलेली माती लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून टाकावी. माती स्वच्छ प्लॅस्टिकवर सावलीत वाळवावी. खताची रिकामी पिशवी ह्या कामी चालणार नाही.

५. प्रत्येक फेरीत एका बाटलीत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरून तीही इतर बाटल्यांबरोबर न्यावी. तिच्यात धातू आढळला, तर दोष विहिरीचा नसून आपल्या हाताळणीचा आहे असे समजावे व सर्व नमुने पुन्हा घ्यावेत.

६. दिनांक, वेळ, गट क्रमांक, पाण्याचा उगम व जवळपासचे कारखाने, गटारे, भंगाराची वा जुन्या बॅटऱ्या फोडण्याची ठिकाणे ह्यांची नोंद जागच्या जागी करावी. स्मरणावर विसंबू नये.

विहिरीस दोष देण्यापूर्वी

एकाच मोजणीवरून एखाद्याची विहीर विषारी ठरविणे हे मोठे धोक्याचे काम आहे. बातमी गावात पसरली की त्या शेतकऱ्याची भाजी बाजारात कोणी घेत नाही. पुढे मोजणी चुकीची ठरली तरी झालेले नुकसान भरून येत नाही. उलटपक्षी, शिखर खुजे उमटल्यामुळे निर्दोष ठरविलेले पाणी मुले वर्षानुवर्षे पीत राहतील, तर तो अपराध त्याहून मोठा होय. म्हणून शंका येताच त्या विहिरीचे पाणी पिण्यास तात्पुरते वापरू नये असे घरच्या मंडळींस विश्वासाने व खाजगीत सांगावे, दुसरा नमुना घ्यावा, तो प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल हाती आल्यावरच तो लेखी कळवावा. शेतकऱ्यांनीही अशा तपासणीस आडकाठी करू नये. दोष लपविल्याने तो जमिनीत वाढतच जातो.

धातू आढळल्यास काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे दूषित पाणी वा पदार्थ शेतात येण्याचे थांबविणे. शहरी कचऱ्याचे खत विकत घेताना त्याचा तपासणी अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात किलोग्रॅममागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम ह्यांहून अधिक असता कामा नये.

दुसरी गोष्ट जमिनीच्या सामूची. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम सुटे राहते व पिकात अधिक जाते. चुनखडीयुक्त जमिनीत ते बांधले जाते. त्यामुळे देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींपेक्षा कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनींत अधिक सावधगिरी हवी. तेथे मातीपरीक्षणानुसार चुना देणे हितावह ठरते.

तिसरी गोष्ट पाण्याच्या व्यवस्थेची. भाताची लोंबी बाहेर पडण्यापूर्वी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे खाचरात पाणी राखल्यास दाण्यात जाणारे कॅडमियम कमी होते, असा जपानमधील अनुभव आहे. मात्र जेथे आर्सेनिकचा उपद्रव आहे तेथे ही रीत उलटी लागू पडते, कारण साचलेल्या पाण्यात भात आर्सेनिक अधिक उचलते. म्हणून कोणता धातू आहे हे समजल्याखेरीज उपाय करू नये. दूषित जमिनीत पालेभाज्या व तंबाखू न घेता कापूस वा फुलझाडे ह्यांसारखी न खाण्याची पिके घ्यावीत.

जिंझूकाठच्या शेतकऱ्यांना त्यांच्या पाटातील पाण्याचा दोष कळण्यास फार उशीर झाला. आपल्या हाती आज साधनही आहे आणि त्यांच्या अनुभवाचे ज्ञानही आहे. उणीव राहील ती केवळ काळजीपूर्वक भरलेल्या बाटलीची व तिच्यावर लिहिलेल्या खऱ्या नोंदीची. ज्या गावाशेजारी कारखाने, खाणी, भंगाराची केंद्रे अथवा शहराचे सांडपाणी आहे, तेथील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच आपल्या गावातील ओलिताच्या व पिण्याच्या पाण्याची यादी करावी आणि सर्वांत अधिक संशयास्पद अशा विहिरीपासून तपासणीस प्रारंभ करावा.